गाइड नावाची टीका
बारावीच्या रसायनशास्त्राच्या मार्गदर्शक पुस्तकांची एक चिकित्सा

मराठीत ‘टीका’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. मूळ ग्रंथ उलगडून सांगणारे भाष्य हा एक. दोष दाखवणे हा दुसरा. पहिल्या अर्थाची परंपरा आपल्याकडे थोर आहे. शके १२१२ मधली भावार्थदीपिका ही टीकाच. मूळ संस्कृत ग्रंथ ज्यांच्यासाठी बंद होता, त्यांना तो त्यांच्या भाषेत उघडून देणे हे तिचे काम. आज मूळ ग्रंथ आणि अडलेला वाचक यांच्यामध्ये उभे राहायचे काम मराठी घरांत जे पुस्तक करते, त्याचे नाव गाइड. दहावी-बारावीचे मूल असलेल्या घरात कवितासंग्रह नसेल, कादंबरी नसेल, गाइड असते. असे असून या पुस्तकावर दुसऱ्या अर्थाने टीका, म्हणजे नीट वाचून केलेली समीक्षा, कोणी लिहीत नाही. शिक्षक त्याला नाक मुरडतात, पालक ते विकत घेतात, आणि निकालानंतर ते किलोच्या भावाने रद्दीत जाते.

नाक मुरडणे ही समीक्षा नव्हे. कोणते गाइड चांगले, कोणते वाईट, आणि कशावरून, हे सांगता आले तरच ती समीक्षा. प्रस्तुत लेखात मी तो प्रयत्न करतो आहे, तोही एकाच विषयापुरता: महाराष्ट्रातील बारावीचे रसायनशास्त्र आणि त्यावर बेतलेल्या प्रवेशपरीक्षा.

या विषयात मला पदवी नाही. इचलकरंजीच्या एका प्रोसेस हाउसमध्ये रंग मोजून देण्याच्या कामावर लागलो, तेव्हा आम्ल आणि आम्लारी यांपलीकडे रसायनशास्त्र मला ठाऊक नव्हते. जे पुढे आले ते जुन्या गाइडांतून आले. गेल्या काही वर्षांत पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून, मुंबईच्या फोर्टमधल्या फुटपाथवरून आणि गावोगावच्या रद्दीवाल्यांकडून अशी पुस्तके मी जमवीत आलो आहे. त्यांतल्या पेन्सिलीच्या खुणाही वाचतो. बहुतेक पुस्तकांत पहिली दोन-तीन प्रकरणे रेघोट्यांनी भरलेली असतात आणि पुढची पाने कोरी करकरीत. पुस्तक निवडताना काहीतरी चुकले होते, याचा तो पुरावा मानायला हरकत नाही.

१. एका विषयाच्या तीन परीक्षा

दुकानात विचारला जाणारा प्रश्न असा असतो: “काका, केमिस्ट्रीला सगळ्यात चांगलं कुठलं?” या प्रश्नाला उत्तर नाही, कारण त्यात परीक्षेचे नाव नाही. बारावीच्या मुलापुढे रसायनशास्त्राच्या किमान दोन आणि पुष्कळदा तीन परीक्षा असतात, आणि त्यांचे स्वभाव एकमेकांशी जुळत नाहीत.

राज्य मंडळाची लेखी परीक्षा ७० गुणांची आणि तीन तासांची. प्रात्यक्षिकाचे ३० गुण वेगळे. सत्तरांपैकी १० गुण बहुपर्यायी प्रश्नांचे. उरलेले सगळे लिहून मिळवायचे. सूत्राला गुण, किंमती घालण्याला गुण, एककालाही गुण.

एमएचटी-सीईटीमध्ये रसायनशास्त्राचे ५० प्रश्न, प्रत्येकी एक गुण. भौतिकशास्त्राचे ५० धरून १०० प्रश्नांना ९० मिनिटे. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ५४ सेकंद. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. प्रश्नांचा सुमारे ८० टक्के भाग बारावीचा, २० टक्के अकरावीच्या ठरावीक प्रकरणांचा.

नीटमध्ये रसायनशास्त्राचे ४५ प्रश्न, बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला उणे एक. २०२५ पासून पुन्हा १८० प्रश्नांना १८० मिनिटे. सीईटीत ठाऊक नसलेल्या प्रश्नाला अंदाजाने खूण करणे शहाणपणाचे. नीटमध्ये तीच सवय महागात पडते.

आता ‘बोर्ड, सीईटी, नीट : तिन्हींसाठी एकच’ असे वेष्टनावर छापणारे पुस्तक काय करील? ते लांबलचक उत्तरे देईल, तर ५४ सेकंदांचे भान सुटेल; नुसते पर्याय देईल, तर साठ गुणांचे लेखन कोण शिकवणार? जाडी वाढवून हा पेच सुटत नाही. निवडीचा पहिला नियम म्हणूनच साधा आहे: पुस्तकाच्या अगोदर परीक्षेचा आराखडा वाचावा.

२. शेवटचे प्रकरण पाहा

गाइडाच्या वेष्टनावर ‘सुधारित आवृत्ती’ ही अक्षरे मोठी असतात. त्यांवर विसंबू नये. अनुक्रमणिका उघडावी आणि शेवटचे प्रकरण वाचावे.

बालभारतीचे बारावीचे सध्याचे पुस्तक २०२० चे. त्यात सोळा प्रकरणे आहेत. पहिले घनस्थितीचे, शेवटचे हरित रसायन आणि अब्जांश रसायन यांचे. त्या आधीच्या पुस्तकाचा शेवट दैनंदिन जीवनातील रसायनशास्त्राने होत असे. जुन्या पुस्तकात १५ ते १८ हे गण बारावीत एकत्र होते. नव्यात १६, १७ आणि १८ बारावीत राहिले, आणि १५ वा गण १३ व १४ यांच्यासोबत अकरावीत गेला. तेव्हा बारावीच्या गाइडात नायट्रोजनच्या गणावर पानेच्या पाने भरलेली दिसली, तर नवे वेष्टन चढवलेले ते जुने पुस्तक आहे असे खुशाल समजावे.

राष्ट्रीय पातळीवर गुंता आणखी वाढतो. एनसीईआरटीने अभ्यासक्रमाचा भार हलका करताना बारावीच्या पुस्तकातून घनस्थिती, पृष्ठरसायन, धातूंचे निष्कर्षण, पी-खंड, बहुवारिके आणि दैनंदिन जीवनातील रसायनशास्त्र ही प्रकरणे वगळली. यांतली घनस्थिती आणि बहुवारिके राज्याच्या पुस्तकात आहेत, म्हणजे सीईटीसाठी ती हवीत. पी-खंड राष्ट्रीय पुस्तकातून गेला, पण २०२४ च्या नीटच्या अभ्यासक्रमात राहिला. “फक्त एनसीईआरटी वाच, गाइडची गरज नाही” हा सल्ला पुष्कळदा योग्य असतो. मात्र जे प्रकरण छापील पुस्तकातच नाही आणि परीक्षेत आहे, त्याचे काय करायचे हे तो सल्ला सांगत नाही. तेथे चांगले गाइड ही चैन उरत नाही, ती गरज होते.

आवृत्तीचा मुद्दा काहींना किरकोळ वाटेल. २०२४ च्या नीटमध्ये काय झाले ते त्यांनी आठवावे. प्रश्न भौतिकशास्त्राचा होता. अणूंविषयीच्या दोन विधानांपैकी एक विधान एनसीईआरटीच्या जुन्या आवृत्तीतील वाक्याप्रमाणे बरोबर ठरत होते, नव्या आवृत्तीप्रमाणे चूक. परीक्षा घेणाऱ्या संस्थेने दोन्ही उत्तरांना गुण दिले. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. जुलैमध्ये न्यायालयाने आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांचे मत मागवले आणि एकच उत्तर ग्राह्य ठरले. चार लाखांहून अधिक परीक्षार्थींच्या गुणांवर त्याचा परिणाम झाला. प्रत्येकी पाच गुणांचा फरक: मिळालेले चार गेले आणि वर एक कापला गेला. आधी पैकीच्या पैकी गुण मिळवणारे ६७ जण होते. वेळेपोटी दिलेले वाढीव गुण रद्द झाले, या एका प्रश्नाचे उत्तर बदलले, आणि सुधारित निकालात १७ उरले. एका वाक्याची जुनी आवृत्ती घरात असण्याची किंमत एवढी असू शकते. ज्या घरात थोरल्या बहिणीचे पुस्तक धाकट्याला मिळते, त्या घराला ती जास्त मोजावी लागते.

३. एक उदाहरण, तीन उत्तरे

गाइडाची खरी परीक्षा प्रकरणाच्या आत होते. मी नेहमी रासायनिक गतिकीचे प्रकरण उघडतो आणि एक उदाहरण शोधतो. प्रथम कोटीच्या अभिक्रियेत ६० मिनिटांत ७५ टक्के पदार्थाचे विघटन होते, अर्धायुकाल किती?

पहिल्या प्रकारचे गाइड सात ओळी लिहिते. आधी सूत्र. मग १०० भागिले २५, म्हणजे ४. त्याचा लॉग ०.६०२१, वेगस्थिरांक मिनिटाला ०.०२३१; शेवटी ०.६९३ ला त्याने भागून उत्तर ३० मिनिटे. मंडळाच्या परीक्षेला हे उत्तम उत्तर आहे, कारण तपासनिसाला पायऱ्या दिसतात. सीईटीच्या ५४ सेकंदांत मात्र हा घाट चढून होत नाही.

दुसऱ्या प्रकारचे गाइड चौकटीत ‘युक्ती’ देते: ७५ टक्के म्हणजे दोन अर्धायुकाल, साडेसत्याऐंशी टक्के म्हणजे तीन. साठाचे निम्मे तीस. उत्तर पाच सेकंदांत. मुलगा खूश होतो. पुढच्या प्रश्नात ७५ च्या जागी ८० येतात आणि मुलगा तेथेच बसतो. कारण ही युक्ती चालली कशामुळे, ते त्याला कोणी सांगितलेले नाही.

तिसऱ्या प्रकारची गाइडे थोडी आहेत. ती आधी सांगतात की प्रथम कोटीत अर्धायुकाल सुरुवातीच्या संहतीवर अवलंबून नसतो. शंभराचे पन्नास व्हायला जेवढा वेळ, तेवढाच पन्नासाचे पंचवीस व्हायला. म्हणून पंचवीस उरले की दोन मुदती संपल्या. मग ती ८० टक्क्यांचे उदाहरण मुद्दाम पुढे ठेवतात: वीस उरणे ही निम्म्या-निम्म्याच्या पायऱ्यांवर बसणारी संख्या नाही, तेव्हा लॉगकडे वळा. पाचाचा लॉग ०.६९९०, वेगस्थिरांक ०.०२६८, अर्धायुकाल सुमारे २५.८ मिनिटे. आणि उत्तर तपासायची रीतही देतात: ८० टक्के संपायला दोन मुदतींहून जास्त वेळ लागणार, म्हणून उत्तर तिसाहून कमीच यायला हवे.

तिन्ही पुस्तकांत उत्तर बरोबर आहे. चूक शोधणारा समीक्षक तिघांनाही उत्तीर्ण करील. फरक आहे तो वाचकाला कोठे नेऊन सोडले यात. पहिले त्याला तपासनिसाच्या टेबलापर्यंत नेते, दुसरे पुढच्या प्रश्नापर्यंतही नेत नाही, तिसरे त्याला एकट्याने चालता येईल अशा जागी सोडते. तिसऱ्याच्या कडेने पहिल्याच्या पायऱ्या लिहून काढता येतात. दुसऱ्याच्या युक्तीतून तिसऱ्याची समज निघत नाही.

याच प्रकरणात आणखी एक जागा पाहावी. आम्लाच्या सान्निध्यात एस्टरचे जलविघटन ही ‘छद्म प्रथम कोटी’ची अभिक्रिया, असे एक वाक्य प्रत्येक गाइडात असते. पुष्कळ ठिकाणी स्पष्टीकरण तेथेच संपते: पाणी जास्त असते म्हणून. किती जास्त? एक लिटर पाण्यात सुमारे ५५.५ मोल पाणी असते. त्यात एस्टर ०.१ मोल घातले आणि सगळे संपले, तरी पाणी ५५.४ राहणार. पाण्याचा अभिक्रियेत भाग आहे, पण त्याच्यात बदल जवळजवळ नाही. म्हणून वेगाच्या समीकरणात ते स्थिरांकात विरघळून जाते. ही दोन आकड्यांची ओळ ज्या गाइडात आहे, ते लिहिणाऱ्याला वाचकाची अडचण कळलेली आहे.

४. शब्दांनी घातलेला गोंधळ

साहित्याच्या वाचकाला या पुस्तकांतली अधिक रोचक गोष्ट म्हणजे त्यांचे शब्द. बारावी विज्ञान बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून शिकवले जाते. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेले मूल अकरावीत एकदम नव्या भाषेच्या पाण्यात पडते. ‘क्षपण’ आणि ‘उत्प्रेरक’ शिकलेले मूल आता ‘रिडक्शन’ आणि ‘कॅटॅलिस्ट’ वाचते, आणि दोन्ही एकच आहेत हे त्याला अनेकदा महिनाभराने कळते. नीटची प्रश्नपत्रिका २०१७ पासून मराठीतही मिळते. पण त्या मराठीला साजेसे गाइड शोधायला गेले की दुकानदार मान हलवतो.

शब्दांची अडचण नुसत्या भाषांतराची नाही. ‘स्पाँटेनियस’ला मराठीत ‘उत्स्फूर्त’ म्हणतात. हा शब्द ऐकला की आपल्याला उत्स्फूर्त टाळ्या आठवतात, उत्स्फूर्त बंद आठवतो. म्हणजे झटक्यात होणारे काही. ऊष्मागतिकीत मात्र त्याचा वेगाशी काही संबंध नाही. साध्या तापमानाला व दाबाला हिऱ्याचे ग्रॅफाइट होणे ही उत्स्फूर्त प्रक्रिया आहे. गिब्ज ऊर्जा मोलमागे सुमारे २.९ किलोजूलने कमी होते. तरी अंगठीतला हिरा पिढ्यान्‌पिढ्या काळा पडत नाही, कारण वेगाचा हिशेब वेगळा. इंग्रजी शब्दही हाच भ्रम घालतो. तेव्हा ‘उत्स्फूर्त म्हणजे वेगवान नव्हे’ एवढे चार शब्दांचे वाक्य गाइडात आहे का, हे मी पाहतो. बहुधा नसते. त्याऐवजी ऋण चिन्ह असेल तर उत्स्फूर्त, धन असेल तर नाही, असा तक्ता असतो. तक्ता खोटा नाही, आणि तरी तो पाठ केलेले मूल हिऱ्याच्या प्रश्नावर अडखळते.

अठराव्या गणाचेही तसेच. या वायूंना आपण पूर्वी ‘निष्क्रिय वायू’ म्हणत होतो, आता ‘राजवायू’ म्हणतो. नाव बदलले त्यामागे इतिहास आहे: १९६२ मध्ये नील बार्टलेट यांनी झिनॉनचे संयुग तयार केले आणि निष्क्रियतेचा समज मोडला. माझ्या संग्रहातल्या काही गाइडांत एका पानावर हे वायू कशाशीही संयोग पावत नाहीत असे ठाम वाक्य आहे, आणि पान उलटले की झिनॉन डायफ्लुओराइड, टेट्राफ्लुओराइड, हेक्झाफ्लुओराइड यांच्या रचना. लिहिणाऱ्याने दोन पाने दोन वेगळ्या पुस्तकांतून घेतली आणि मध्ये विचार केला नाही, हे येथे उघडे पडते. अशी जागा सापडली की पुस्तक खाली ठेवावे. ज्याने स्वतःची दोन पाने एकत्र वाचली नाहीत, त्याची उत्तरतालिका कोणी तपासली असेल?

उत्तरतालिकेसाठी माझी आणखी एक छोटी कसोटी आहे: डॅनियल सेल. तांब्याचे प्रमाण क्षपण विभव ०.३४ व्होल्ट, जस्ताचे उणे ०.७६. कॅथोडमधून अ‍ॅनोड वजा केला की १.१० व्होल्ट. जुन्या पुस्तकांत ऑक्सिडीकरण विभव वापरण्याची रीत होती; तिथे जस्ताचे चिन्ह धन आणि सूत्रात बेरीज. दोन्ही रीती आपापल्या जागी चालतात. एकीचे चिन्ह आणि दुसरीचे सूत्र एकत्र आले की उत्तर उणे ०.४२ येते. जुन्या प्रश्नांचा साठा नव्या पुस्तकात ओतताना हा अपघात होतो. विद्युत्‌रसायनाच्या प्रकरणातली पाच उदाहरणे या नजरेने पाहायला दुकानात उभ्याउभ्या दहा मिनिटे पुरतात.

५. गाइडाची बाजू

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग गाइड हवे कशाला? मूळ पाठ्यपुस्तक वाचावे. हे म्हणणारे बहुधा असे असतात की ज्यांच्या मुलांना पाठ्यपुस्तक समजावून सांगायला कोणीतरी आहे: घरात, वर्गात किंवा शिकवणीत. लातूर पॅटर्नचे नाव महाराष्ट्रभर झाले ते शिस्तीमुळे आणि पुन्हा पुन्हा घेतलेल्या सरावामुळे. त्यासाठी मुले घर सोडून तेथे राहायला जातात. ज्याला लातूरला, पुण्याला वा कोट्याला जाता येत नाही, ज्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्राचे तास वेळापत्रकातच राहतात, त्याचा शिक्षक म्हणजे वर्षातून एकदा विकत घेतलेले ते एक पुस्तक. त्याला दुसरे घेऊन पाहण्याची मुभा नाही. गाइडावर हसणे ही अशा वेळी ज्यांचे भागले आहे त्यांची चैन ठरते.

म्हणूनच या पुस्तकांकडून आपण अधिक मागितले पाहिजे. कवितेचा वाईट संग्रह वाचला तर एक संध्याकाळ वाया जाते. वाईट गाइडाने एका मुलीचे वर्ष जाते, आणि चूक पुस्तकाची होती हे तिला कळतही नाही. आपल्याला रसायनशास्त्र जमत नाही, असे ती समजून बसते. त्या कोऱ्या राहिलेल्या पानांकडे मी पाहतो तेव्हा मला आळशी विद्यार्थी दिसत नाही. तिसऱ्या प्रकरणापाशी लेखकाने साथ सोडलेला वाचक दिसतो.

एकोणिसाव्या शतकात कोल्हापूरच्या बाळाजी प्रभाकर मोडकांनी मराठीत रसायनशास्त्र लिहिले, तेव्हा त्यांच्यापुढे परिभाषाही तयार नव्हती. शब्द घडवायचे, वापरून पाहायचे आणि वाचकाला समजेल अशा वाक्यात बसवायचे, ही सगळी कामे एका माणसाने केली. पुस्तकावर लेखकाचे नाव होते. आजच्या पुष्कळ गाइडांवर लेखक म्हणून ‘अनुभवी प्राध्यापकांचा चमू’ असतो. चूक कोणाची हे विचारायला चेहरा नाही, आणि चांगली ओळ कोणाची हे सांगून कौतुक करायलाही नाही. ती ५५.५ मोलची ओळ लिहिणारा माणूस मला माहीत नाही, याची मला खंत वाटते.

६. काय करता येईल

घेणाऱ्यासाठी माझा सल्ला आता दोन वाक्यांत मावतो. परीक्षा एक ठरवा, शेवटचे प्रकरण तपासा, डॅनियल सेलची चिन्हे पाहा, अर्धायुकालाचे एक उदाहरण आणि अठराव्या गणाची दोन पाने वाचा. पंधरा मिनिटांत पुस्तकाची जात कळते. आणि पाठ्यपुस्तक टाकून गाइड घेऊ नका, कारण टीका कितीही चांगली असली तरी ती मुळाशेजारी ठेवूनच वाचायची असते.

पण हा भार सतरा वर्षांच्या मुलावर आणि विज्ञान न शिकलेल्या आईबापांवर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाने आपल्या पुस्तकाची प्रत ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना द्यायची असते. गाइडेही पुस्तकेच आहेत. गावोगावच्या ग्रंथालयांनी ती मांडणीवर ठेवावीत, एकाच प्रकरणाची चार पुस्तके मुलांना शेजारी शेजारी ठेवून पाहता यावीत. प्रकाशकांनी लेखकाचे नाव आणि दरवर्षी शुद्धिपत्र छापावे. आणि वाङ्मयीन मासिकांनी जूनच्या अंकात चार पाने या पुस्तकांच्या परीक्षणाला द्यावीत; परीक्षक म्हणून एक रसायनशास्त्राचा शिक्षक आणि एक भाषेचा जाणकार असावा. जूनमध्ये, कारण पुस्तके तेव्हा विकत घेतली जातात. दिवाळीत लिहिलेला हा लेख यंदाच्या बारावीला उशिराच पोचतो आहे. पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी अजून सहा-सात महिने हातात आहेत.